मदत हवी आहे : शेणावरच्या बारीक माशीचे कूळ कळले, प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) ठरत नाही

इंदूरजवळच्या आमच्या गोठ्यामागील उकिरड्यावर, उडण्यापेक्षा तुरुतुरु पळणेच पसंत करणाऱ्या, जेमतेम २ मिलिमीटरच्या काळसर माश्या मी काही दिवसांपासून भिंगाखाली पाहत आहे. घरचे त्यांना सरसकट चिलटे म्हणतात. मागच्या पायाच्या टार्ससचे (पायाच्या टोकाकडील पेरांच्या भागाचे) पहिले पेर आखूड व फुगीर असल्याने स्फेरोसेरिडी (शेण-उकिरड्यावरील बारीक माश्यांचे) हे कूळ निश्चित वाटते. पंखातील मीडियल (मधली) शीर मधल्या बंद कप्प्यापुढे विरून जाते, कडेपर्यंत पोहोचत नाही, म्हणून उपकूळ लिमोसिनिनी धरले आहे. अडचण त्यापुढची आहे : माझ्या माश्या कोप्रोइका की लेप्टोसेरा, हे ठरत नाही. इटालियन कीटकशास्त्रज्ञ रोंदानी यांनी १८६१ साली स्थापलेली कोप्रोइका ही प्रजाती नंतर बराच काळ लेप्टोसेराची उपप्रजाती (सबजीनस) मानली जात असे. आता ती स्वतंत्र मानतात, परंतु माझ्याकडील टिपणे जुन्याच मांडणीची असल्याने त्यांतील लेप्टोसेरा म्हणजे आजची नेमकी कोणती प्रजाती, हे उमगत नाही. या दोहोंत फरक करताना पाठीवरील केसांच्या रांगा पाहाव्यात, स्क्युटेलमच्या (छातीच्या पाठीमागील टोकाच्या लहान तुकड्याच्या) कडेचे केस पाहावेत, की नराचे जननांग उघडल्यावाचून गत्यंतर नाही? टाचणीवर लावताना दोन माश्यांचे पाय तुटले, त्यामुळे उरलेल्या अल्कोहोलमध्येच ठेवल्या आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.