मदत हवी आहे: बंद पेट्रोल पंपाच्या जागेचं भूजल, एका अहवालावर फाइल बंद करावी का?

दिंडोरी रस्त्यालगतचा जुना पंप बंद झालाय. जमिनीखालच्या तिन्ही टाक्या काढल्या. पेट्रोल टाकीच्या खड्ड्यात तळाच्या मुरमाला वास होता, तेवढा मुरूम उचलला. वर सहा मीटर मुरूम, मग मांजऱ्या (मुरूम आणि कठीण खडक यांच्यामधला मऊ खडक), खाली काळा पाषाण (बेसॉल्ट). पाण्याची पातळी ऑक्टोबरात ३ मीटर, मेमध्ये ९. आवारातल्या ६० मीटर खोल बोअरचं पाणी ऑक्टोबरात तपासलं: तेल व ग्रीज ‘आढळले नाही’. उताराला ७० मीटरवर द्राक्षबागेची विहीर आहे. मालकाला याच अहवालावर ‘जागा स्वच्छ’ असं लिहून हवंय. द्यावं का? नसेल तर किमान काय करावं लागेल?

प्रतिसाद १

देऊ नका. पहिली अडचण चाचणीचीच आहे. तेल व ग्रीजच्या चाचणीत द्रावक उडवून उरलेला अंश तोलतात. पेट्रोलमधले बेंझिन, टोल्युइन हे बाष्पशील घटक त्या द्रावकाबरोबरच उडून जातात, त्यामुळे पाण्यात पेट्रोल असलं तरी आकडा शून्य येऊ शकतो. गॅस क्रोमॅटोग्राफवर (घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन, झायलीन मागा, डिझेलसाठी एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन वेगळे. पंप २००० च्या आधीचा असेल तर शिसंही बघा, तेव्हा शिसेयुक्त पेट्रोल विकलं जायचं.

दुसरं, ऑक्टोबर. उन्हाळ्यात पाणी खाली जातं तसं तरंगतं पेट्रोलही भेगांमधून ९ मीटरपर्यंत उतरतं. पावसाळ्यात पाणी वर चढलं की ते मुरमात आणि मांजऱ्यात पाण्याखाली अडकून बसतं, वर ताजं झिरपलेलं पाणी येतं. म्हणजे तुम्ही बहुधा वर्षातलं सगळ्यात पातळ झालेलं पाणी तपासलंत. मेमधली फेरी नसेल तर त्या अहवालाला अर्थ नाही.

प्रतिसाद २

जुनी बोअर नमुन्यासाठी घेऊच नका. केसिंग (बाजूचा आधाराचा पाइप) मुरमापुरतं, खाली ६० मीटरपर्यंत उघडं भोक. चार भेगांचं पाणी एकत्र होऊन येतं. उलट तीच वरची घाण खोल भेगांत पोचवणारी वाट आहे. काम संपल्यावर तळापासून पाइपनं सिमेंटचं घट्ट मिश्रण भरत वर येऊन ती बुजवा.

निरीक्षणासाठी तीन उथळ बोअर घ्या, ११ मीटरच्या. दोन इंची पीव्हीसी, २ ते १०.५ मीटर जाळीदार पाइप, भोवती खडी-वाळू, वर बेंटोनाइट (पाणी रोखणारी फुगणारी माती). जाळी कायम पाण्याखाली राहिली तर तरंगतं पेट्रोल आत येतच नाही, नेमकं तेच शोधायचं असतं. खोदताना कॉम्प्रेसरच्या हवेत तेल येत नाही ना ते बघा, फेस वापरू नका. बोअर साफ करून दोन आठवडे थांबा, कारण हवेनं बाष्पशील घटक उडालेले असतात.

नमुना घेताना उपसा मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर ठेवा. सामू ०.१ च्या आत आणि विद्युतवाहकता ३ टक्क्यांच्या आत स्थिर झाली की ४० मिलिलिटरच्या कुप्या काठोकाठ भरा. कुपी उलटी करून बुडबुडा दिसला तर ती टाकून द्या. आत आधीच आम्ल हवं. बर्फात ठेवून १४ दिवसांच्या आत तपासणी झाली पाहिजे. जनरेटर वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा. जनरेटरमध्ये पेट्रोल भरताना घातलेल्या हातमोज्यांनीच कुपीला हात लावला तर बेंझिन तुमचंच येतं.

धागाकर्ता

पैसे दोन बोअरचेच आहेत. चालेल? आणि द्राक्षांच्या विहिरीचं काय?

प्रतिसाद १

दोन बिंदूंवरून प्रवाहाची दिशा निघत नाही, तीन हवेतच. त्यातही बेसॉल्टमध्ये पाणी भेगांनी जातं, काढलेली दिशा अंदाजच समजा. म्हणून ती विहीर चौथा बिंदू धरा. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर उपसा वाढला की ती पाणी स्वतःकडे ओढते. तेव्हाचा एक नमुना वेगळा घ्या. शेतकऱ्याला आधी सांगा आणि आकडे आले की त्यालाही द्या, ते पाणी त्याच्या घरात पिण्यालाही जात असेल.

पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची बेंझिनची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. प्रयोगशाळेची शोधमर्यादा त्याहून बरीच खाली असल्याचं लेखी घ्या.

प्रतिसाद २

एका फेरीवर बंद करू नका. माझ्या मते मे आणि ऑक्टोबर अशी सलग दोन वर्षं, आकडे घटते किंवा मर्यादेत, आणि कुठल्याही बोअरमध्ये तवंग नाही, तरच. तिथं इमारत होणार असेल तर जमिनीतल्या हवेचीही तपासणी जोडा. तिसऱ्या बोअरचा खर्च मालकाला जड वाटेल, पण त्याशिवाय सही करू नका.