सरकार बदललं म्हणून सरकारी पानं पुसायची का?

शेवंती

३१ जानेवारी २०२५, शुक्रवार. अमेरिकेत ट्रम्प यांच्या दुसऱ्या शपथविधीला अकरा दिवस झाले होते. 'लिंगविषयक विचारसरणी'चा, म्हणजे लिंगओळख जन्मलिंगापेक्षा वेगळी असू शकते या विचाराचा, पुरस्कार करणारा मजकूर संध्याकाळी पाचच्या आत सरकारी संकेतस्थळांवरून काढा, असा आदेश दोन दिवस आधी सगळ्या खात्यांना गेला होता. त्या घाईत सीडीसीची, म्हणजे इथल्या रोगनियंत्रण संस्थेची, पानंच्या पानं उतरली. शाळकरी मुलांच्या आरोग्याची १९९१ पासून दर दोन वर्षांनी होणारी पाहणी गेली. एचआयव्हीची माहिती गेली. पूर-वादळात कोणत्या वस्तीला आधी मदत लागेल हे सांगणारा सामाजिक असुरक्षिततेचा निर्देशांकही गेला, आणि त्याचा लिंगाशी काय संबंध हे मला आजही कळलेलं नाही. न्यूयॉर्क टाइम्सने मोजदाद केली तेव्हा डझनभराहून जास्त संकेतस्थळांवरची आठ हजारांवर पानं दिसेनाशी झाली होती.

मी इथे सार्वजनिक आरोग्य शिकवते. त्या शनिवार-रविवारी आम्ही सहाजणी एका मैत्रिणीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती लॅपटॉप घेऊन बसलो होतो. जे अजून उघडत होतं ते उतरवून घेत होतो. आकड्यांची फाईल मिळणं सोपं असतं. तिच्याबरोबरची प्रश्नावली आणि रकान्यांचे अर्थ सांगणारं कोष्टक शोधताना जीव मेटाकुटीला येतो. रकान्याचं नाव 'क्यू २६' आहे आणि सव्विसावा प्रश्न काय होता हे सांगणारा कागदच नाही, तर त्या आकड्यांचं करायचं काय?

माझं म्हणणं एवढंच. नवीन सरकारने नवीन पान लिहावं, त्याला तो हक्क आहे. पण जुनं पान तारखेसकट, 'हे आता लागू नाही' असा शिक्का मारून राहिलं पाहिजे. ते लोकांच्या पैशाने झालंय. आज खुर्चीत कोण आहे यावर त्याचं असणं-नसणं ठरू नये.

हे अशक्य नाही. क्लिंटनपासून प्रत्येक अध्यक्षाचं व्हाइट हाउसचं संकेतस्थळ राष्ट्रीय अभिलेखागारात गोठवून ठेवलेलं आहे. १९७८ चा अध्यक्षीय कागदपत्रांचा कायदा त्यामागे आहे. २०१७ च्या एप्रिलमध्ये ईपीएने, म्हणजे पर्यावरण खात्याने, हवामानबदलाची पानं काढली, पण त्याआधी १९ जानेवारी २०१७ ला संकेतस्थळ जसं होतं तशी प्रत त्याच खात्याने वेगळी ठेवली होती. ती आजही वाचता येते.

खात्यांच्या बाकीच्या पानांना मात्र असा आसरा नाही. २००८ मध्ये बुश यांची मुदत संपताना राष्ट्रीय अभिलेखागाराने सांगितलं की सगळ्या खात्यांच्या संकेतस्थळांची प्रत आम्ही घेणार नाही. तेव्हा लायब्ररी ऑफ काँग्रेस, वेबपानांच्या प्रती साठवणारी इंटरनेट अर्काइव्ह ही बिगरसरकारी संस्था, नॉर्थ टेक्सस विद्यापीठ, कॅलिफोर्निया डिजिटल लायब्ररी आणि सरकारी मुद्रणालय यांनी मिळून 'एंड ऑफ टर्म' संग्रह सुरू केला. तेव्हापासून दर चार वर्षांनी तो होतो. होतो कारण काही माणसांना तो व्हावासा वाटतो. एवढं मोठं काम आपखुशीवर सोडावं, हे मला पटत नाही.

खडीचा रस्ता

शेवंतीताई, तुमची तळमळ समजते, तरी मला हे मान्य नाही.

संकेतस्थळ म्हणजे सरकारचा फळा. आज सरकारचं म्हणणं काय आहे ते तिथे लिहायचं. लोकांनी मत देऊन सरकार बदललं ते फळ्यावरचा मजकूर बदलावा म्हणूनच. मागच्यांचं लिखाण जपण्याची जबाबदारी नव्यांवर टाकायची असेल तर निवडून येण्याला अर्थ काय उरला?

दुसरं. १८ जानेवारी २०२१ ला ट्रम्प सरकारने '१७७६ आयोगा'चा, म्हणजे शाळांत देशभक्तीचा इतिहास शिकवावा असं सांगणाऱ्या सरकारी समितीचा, अहवाल व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावर टाकला आणि २० तारखेला बायडन आल्याबरोबर तो निघाला. तेव्हा कुठल्या स्वयंपाकघरात कोण जमलं होतं? आपल्याला न आवडणाऱ्या पक्षाने काढलं की पुसापुशी आणि आवडणाऱ्याने काढलं की स्वच्छता, असं चालणार नाही.

तिसरं, आणि मला हे सर्वांत महत्त्वाचं वाटतं. माझा व्यवसाय औषधांचा. जुना वैद्यकीय सल्ला शोधयंत्रात वर राहिला तर तो वाचून माणसं गोळ्या घेतात. शिक्का कोणी वाचत नाही. लोक पानावरचा तक्ता फोनवर टिपतात आणि घरच्या ग्रुपवर पाठवतात. त्यात तुमचा शिक्का कापला जातो.

शेवंती

१७७६ चा दाखला दिलात ते बरं केलंत. तो अहवाल आजही ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीच्या गोठवलेल्या संकेतस्थळावर आहे. मी तो तिथेच वाचला. त्यातलं जवळजवळ काहीच मला पटलं नाही, आणि तरी तो तिथून हलू नये असं मला वाटतं. उद्या कोणी म्हणालं, असा अहवाल नव्हताच, तर बोट ठेवायला जागा आहे. मी मागते आहे ते हेच. सीडीसीच्या पानांना ती जागा मिळाली नाही.

ती पानं परत कशी आली तेही सांगते. डॉक्टर्स फॉर अमेरिका ही संघटना कोर्टात गेली. ११ फेब्रुवारीला न्यायाधीश जॉन बेट्स यांनी त्याच मध्यरात्रीपर्यंत पानं परत लावायला सांगितलं. ३ जुलैला निकाल दिला की ती काढणंच बेकायदा होतं. परत आलेल्या पानांवर सरकारने पट्टी लावली: कोर्टाच्या आदेशामुळे हे पान ठेवलं आहे, यातल्या मजकुराशी हे प्रशासन सहमत नाही. लावू दे की! नव्या सरकारने आपलं मत मांडलं आणि जुना मजकूरही राहिला.

पण त्यासाठी वकील लागले. ज्या पानासाठी कोणी कोर्टात गेलं नाही, त्याचं काय?

रुमाल४१

महाराष्ट्रात जिल्हा पातळीवरच्या अभिलेख कक्षात माझी एकोणतीस वर्षे गेली. अमेरिकेतले कायदे मला फारसे ठाऊक नाहीत, पण दप्तर ठाऊक आहे.

ताई, सगळे ठेवा असे म्हणू नका. ज्याने सगळे ठेवायचे ठरवले, त्याला वेळेवर काही सापडले नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्याकडे कागदाचे वर्ग पाडतात. 'अ' वर्गाचा कागद कायम जपायचा. 'ड' वर्गाचा वर्षभराने नष्ट करायचा. मध्ये 'ब' आणि 'क', त्यांच्या मुदती वेगळ्या. कागद नष्ट करणे हे दप्तराचे रोजचे काम आहे, त्यात गुन्हा काही नाही.

परंतु नष्ट करण्याची रीत आहे. आधी यादी होते. कोणती संचिका, किती पाने, कोणता वर्ग, मुदत कधी संपली. त्यावर अधिकाऱ्याची मंजुरी आणि सही. कागद जातो, यादी राहते. पन्नास वर्षांनी कोणी विचारले, 'माझ्या आजोबांच्या जमिनीचा अर्ज कुठे आहे?', तर 'अमुक तारखेला, अमुक यांच्या सहीने नष्ट केला' एवढे तरी सांगता येते. ते उत्तर ऐकून माणूस रडतो, भांडतो, पण आपल्याला कोणी फसवले असे त्याला वाटत नाही.

तुम्ही जे लिहिले त्यात मला सर्वांत जास्त खटकले ते हे. पाने काढली म्हणून नव्हे. आठ हजार पाने गेली हे एका वर्तमानपत्राला मोजावे लागले! काढणाऱ्याने यादी का लावली नाही?

खडीचा रस्ता

रुमालकाका, हे शंभर टक्के मान्य. काढा, पण काय काढलं त्याची यादी लावा. यात कुठल्याही पक्षाचं नुकसान नाही. हे आधी कोणी बोललं असतं तर माझा पहिला प्रतिसाद निम्म्याने कमी झाला असता.

जुनं पान जुन्याच पत्त्यावर उघडं ठेवायला माझा विरोध मात्र कायम आहे.

पाणकोंबडी

जुन्या पत्त्याबद्दल: ब्रिटनमध्ये सरकारी पान काढलं की जुन्या पत्त्यावर जाणारा वाचक राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सरकारी वेब संग्रहातल्या प्रतीकडे वळवला जातो, अशी पद्धत २००८ च्या सुमारास त्यांनी बसवली. वर ठळक पट्टी असते की ही जुनी प्रत आहे. खात्याचं संकेतस्थळही स्वच्छ राहतं. तुमची औषधाची भीती खरी आहे, पण ती पत्ता मारून जात नाही. पान मेलं की लोक कुणाच्या तरी ब्लॉगवरची तारीख नसलेली नक्कल वाचतात.

तळटीप

आता माझं ऐका. मी डेटा सांभाळण्याच्या कामात आहे आणि मला या सगळ्या चर्चेतलं समाधान खोटं वाटतं.

'प्रत घेतली' म्हणजे नेमकं काय घेतलं? पानं गोळा करणारी यंत्रणा दुव्यामागून दुवा धरत जाते आणि जे दिसतं ते साठवते. नकाशे आणि तुम्ही प्रश्न विचारल्यावर उत्तर काढून देणारी पानं तिला मिळत नाहीत. ईपीएचं 'ईजेस्क्रीन' घ्या. कोणत्या वस्तीत प्रदूषणाचा भार किती, हे नकाशावर दाखवणारं साधन. ५ फेब्रुवारी २०२५ ला ते काढलं. बाहेरच्या लोकांनी ते पुन्हा उभं केलं, कारण त्याचा डेटा आणि कोड आधीपासून हाताशी होते. ते नसते तर साठवलेल्या पानावर नुसती चौकट दिसली असती.

मग प्रत ठेवणार कोण? हार्वर्डच्या लॉ स्कूल ग्रंथालयाने सरकारी डेटा सूचीतले ३ लाख ११ हजारांवर संच उतरवले, १६ टेराबाइट. फार मोठं काम, आणि प्रत्येक संचाबरोबर डिजिटल सही ठेवली, म्हणजे मागाहून कोणी हात लावला तर कळेल. पण बहुतेक लोकांचा भरवसा एकट्या इंटरनेट अर्काइव्हवर. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला, तीन कोटींवर खात्यांची माहिती फुटली आणि संग्रह काही दिवस बंदच होता. एकाच घरात सगळ्या गावाचे दागिने ठेवू नयेत.

आणि हे सगळं सुटलं तरी खरा तोटा राहतोच. नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांची एक पाहणी सीडीसी १९८७ पासून करत होती, 'प्रॅम्स' नावाची. एप्रिल २०२५ मध्ये तिच्यावर काम करणारा सगळा चमू घरी बसवला. जुने आकडे दहा ठिकाणी सुरक्षित आहेत. पुढच्या वर्षीचा आकडा कोण देणार? पान गेलं की आरडाओरडा होतो. पाहणी थांबते तेव्हा कोणाला कळतही नाही, कारण दाखवायला कोरं पानसुद्धा नसतं.

शेवंती

तळटीप, प्रॅम्सबद्दल तुम्ही लिहिलंत त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी तेच आकडे वर्गात वापरते. पुढच्या वर्षी जुनाच तक्ता दाखवावा लागेल.

पण एक सांगते. पाहणी थांबली हे सिद्ध करायलासुद्धा आधीच्या सगळ्या वर्षांची पानं लागतात. नाहीतर दहा वर्षांनी कोणी म्हणेल, बाळंतिणींना कधी कोणी काही विचारतच नव्हतं.

पाणकोंबडी

आपल्याकडचं थोडं सांगते. २०१४ मध्ये पंतप्रधान बदलले तेव्हा मनमोहन सिंग यांच्या काळातलं पंतप्रधान कार्यालयाचं संकेतस्थळ वेगळ्या पत्त्यावर जपलं गेलं. वाजपेयींच्या काळातलंही तिथे आहे. म्हणजे जमतं. उलट २०२० च्या ऑगस्टमध्ये सरकार तेच असताना पूर्व लडाखमधल्या चिनी घुसखोरीचा उल्लेख असलेला दस्तऐवज संरक्षण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आला आणि दोन दिवसांत निघाला. त्यामुळे धाग्याचं शीर्षक मला अपुरं वाटतं. पानं पुसायला सरकार बदलावंच लागतं असं नाही.

रुमाल४१

कायदा कमी नाही. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ चा, महाराष्ट्राचा २००५ चा. केंद्राच्या कायद्यात संगणकावर तयार झालेले साहित्यही अभिलेखात मोडते आणि रीत सोडून अभिलेख नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. संकेतस्थळावरचे पान काढणाऱ्याच्या मनात मात्र आपण अभिलेख नष्ट करतो आहोत असे येतच नाही. त्याला वाटते, फळा पुसला. खडीचा रस्ता यांनी वापरलेला शब्दच त्याच्या डोक्यात असतो, आणि म्हणून तो शब्द मला धोक्याचा वाटतो.

२१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली. त्यानंतर कित्येक महिने एकेका संचिकेसाठी जिल्ह्यांकडे विचारणा होत होती, तुमच्याकडे प्रत आहे का म्हणून. ज्यांच्याकडे आवक-जावक नोंदवही नीट होती त्यांना निदान काय जळाले ते सांगता आले.

ताई, एक विचारतो, राग मानू नका. त्या दिवशी तुम्ही सहाजणींनी फायली उतरवल्यात. कोणती फाईल कोणी, कोणत्या पत्त्यावरून, किती वाजता घेतली याची वही ठेवली होती का?

शेवंती

रविवारपासून ठेवली, काका. शनिवारी कोणाला सुचलंच नाही. त्या दिवशीच्या चाळीसेक फायली माझ्याकडे आहेत. त्या कोणत्या पानावरून आल्या, आणि आम्ही घेण्याआधी त्यात बदल झाला होता का, हे आता मला सांगता येत नाही. म्हणून त्या मी कोणाला वापरायला देत नाही.