पोदेराच्या अंगावर धावणारा कुत्रा: साखळीने बांधू का?

मार्दोळचा_शेजारी:
आमचा टायगर, गावठी, चार वर्षांचा. घरात मुलांच्या पायाशी निजतो. पण सकाळी सायकलवरून पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू ऐकला की फाटकावर झेपा घेतो. परवा फाटक उघडं होतं नि पोदेराच्या पोटरीला दात लागले. जखम नळाखाली साबणाने बराच वेळ धुतली, मग त्यांना इस्पितळात नेलं, इंजेक्शनं सुरू झालीत. टायगरचं रेबीजचं इंजेक्शन यंदाचंच आहे. सासूबाई म्हणतात, मागच्या माडाला बांधा. बांधू का?

रानातला_बाब:
बांधा. आणि गुरगुरला की वर्तमानपत्राची गुंडाळी नाकावर.

वाळपईची_मावशी:
लोकांनी नको म्हटलेली कुत्री माझ्याच अंगणात येऊन पडतात, म्हणून लिहिते.

बाब, गुरगुरणं मारून बंद केलंत तर राग तसाच राहतो, इशारा तेवढा जातो. मग कुत्रा न गुरगुरता चावतो. आणि बांधलेल्या कुत्र्याला पळायची वाट नसते, त्यामुळे तो जास्तच अंगावर येतो.

शेजारी, टायगरच्या बाजूने बघा. रोज एक माणूस भोंपू वाजवत येतो, हा भुंकतो, माणूस जातो. पोदेर पाव देऊन पुढच्या घरी गेला, हे त्याला कोण सांगणार? त्याच्या लेखी त्यानेच हाकलला. रोज जिंकणारा भुंकणं सोडेल कशाला?

आधी ही रोजची जीत मोडा. पोदेराच्या वेळेआधी टायगरला मागच्या खोलीत घ्या, पाव कोपऱ्यावर जाऊन आणा. फाटकाला आपोआप बसणारी कडी लावा. जनावरांच्या डॉक्टरांकडून कान, दात, सांधे तपासून घ्या. पावसाळ्यात गोचीड फार, तापही बघा. दुखणाऱ्या कुत्र्याला शिकवणं फुकट. चावल्यापासून दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवायचीच, पण त्यासाठी पोदेराची इंजेक्शनं थांबवायची नाहीत.

मग भोंपूचा आवाज फोनवर घ्या. अगदी बारीक लावा, इतका की टायगरने कान टवकारले, बस. आवाज आला की लगेच उकडलेल्या कोंबडीचा तुकडा. आधी भोंपू, मग तुकडा. उलट केलंत तर तुकडा दिसताच तो भोंपूच्या धास्तीने बिथरेल. खायचं सोडून ताठ उभा राहिला तर आवाज जास्त झाला, कमी करा. महिनोन्‌महिने लागतात. मध्येच दिवाळीतली नरकासुराची, फटाक्यांची रात्र आली तर गाडं मागे जाईल, त्या दिवसांत नवीन काही शिकवू नका.

मार्दोळचा_शेजारी:
मावशी, पोदेर भला माणूस. म्हणतो, मीच रोज हाताने पाव भरवतो, ओळख होईल.

वाळपईची_मावशी:
नको हो! भ्यालेला कुत्रा पावाच्या ओढीने जवळ येतो, पाव संपतो, आणि समोर तोच माणूस हातभर अंतरावर. चावतात ते अशाच वेळी. तुकडा तुमच्याच हातून, आणि पोदेर लांब, सायकल धरून उभा. तेही भोंपूचा सराव पक्का झाल्यावर, टायगर दोरीवर आणि तोंडाला जाळीचं मुसकं. कापडी पट्टी घेऊ नका, तिच्यात तोंड उघडत नाही; आपल्या उकाड्यात कुत्र्याला धापा टाकता आल्या पाहिजेत. मुसक्याच्या आत कोंबडी ठेवून त्याला स्वतःहून तोंड घालू द्या. आधी घरातच, थोडा थोडा वेळ.

मार्दोळचा_शेजारी:
जाळीचं मुसकं फोंड्यात बघतो. सासूबाईंना तुमचा निरोप वाचून दाखवला. म्हणाल्या, कोंबडी कुत्र्याला आणि आम्हाला चवळीची उसळ.