‘रोजगार घटतो’ म्हणजे नेमकं काय घटतं?

प्रश्न

‘विकसनशील देशांत किमान वेतन वाढवलं की रोजगार घटतो’ हे वाक्य आर्थिक लेखांत वरचेवर वाचायला मिळतं. यातला ‘रोजगार’ म्हणजे नोकरी, काम की कमाई? शिवाय रोजगार घटत असेल तर बेरोजगारी वाढायला हवी. पण पुष्कळदा तिचा आकडा जागचा हलत नाही. मग चूक शब्दात आहे की विधानात?

उत्तर

आधी शब्दात आहे, आणि त्यामुळे विधानातही शिरली आहे.

रोजगार हा शब्द फारसीतून आला. आपल्याकडे त्याचा अर्थ ऐसपैस आहे. महिन्याला पगार घेणारा, रोजंदारीवर जाणारा, स्वतःची हातगाडी लावणारा, या सगळ्यांना रोजगार आहे असं आपण म्हणतो, आणि ‘स्वयंरोजगार’ हा शब्दही त्यातूनच बनला. नोकरीचं तसं नाही. नोकरीला मालक लागतो, आणि कायद्याच्या नजरेत ती यायची तर हजेरीपटावर नाव लागतं. काम हा तर सगळ्यांत मोकळा शब्द. नोकरी सुटलेला माणूसही ‘काहीतरी काम बघतो’ म्हणतो आणि दोनचार दिवसांत ते धरतो.

किमान वेतनाचा कायदा यातल्या नोकरीला लागू होतो, आणि तीही नोंद असलेली असेल तरच खऱ्या अर्थाने. म्हणून वाढीचा फटका बसला तर तो पहिल्यांदा तिथे बसतो. होंडुरासमध्ये २००९ च्या सुरुवातीला किमान वेतन एका फटक्यात सुमारे ६० टक्क्यांनी वाढवलं गेलं. पुढच्या अभ्यासांत नोंदीतल्या नोकऱ्या कमी झाल्याचं आणि नोंदीबाहेरचं काम वाढल्याचं दिसलं. म्हणजे माणसं रिकामी बसली नाहीत. ज्या घरात साठवलेले पैसे नाहीत आणि बेकारभत्ता मिळत नाही, तिथे रिकामं बसणं परवडतच नाही. बेरोजगारीचा आकडा हलत नाही याचं मोठं कारण हे आहे. पण सुरक्षित नोकरी जाऊन मिळेल ते काम हाती आलं, तर त्या माणसाचं नुकसान झालेलंच असतं, आणि ते ‘रोजगार’ या एका शब्दात बुडून जातं. अशा ठिकाणी मी ‘नोंदीतल्या नोकऱ्या घटल्या’ असं लिहीन. वाक्य लांबतं, लांबू द्यावं.

‘घटतो’ या क्रियापदाबद्दलही बोलायला हवं, कारण पुष्कळदा माणूस तसाच राहतो आणि त्याचं काम बदलतं. नगावर मजुरी असेल तर दिवसाला किती नग काढायचे तो आकडा वर जातो. जादा तास बंद होतात, किंवा चालू राहतात पण त्यांचे पैसे बंद होतात. सगळ्यात जुनी युक्ती हजेरीपटाची. बाई २६ दिवस कामावर येते, कागदावर १८ दिवस मांडले जातात. दिलेल्या पगाराला १८ ने भागलं की रोजचा दर कायद्यात बरोबर बसतो, तपासणीला आलेला अधिकारी सही तपासतो, आणि सही खरीच असते. इथे रोजगार घटला नाही, नोकरी गेली नाही, वेतनही कागदावर पूर्ण आहे. याला आपल्याकडे ‘मजुरी मारणे’ हा रोखठोक शब्दप्रयोग आहे. लेखांत तो कुठे दिसत नाही, आणि दिसायला हवा.

‘वाढवलं’ या शब्दाकडेही लक्ष द्या. बांगलादेशातल्या तयार कपड्यांच्या उद्योगात किमान मासिक वेतन २०१३ मध्ये ३,००० वरून ५,३०० टका झालं, २०१८ मध्ये ८,००० आणि २०२३ मध्ये १२,५००. प्रत्येक वेळी ही घसघशीत वाढ म्हणून मोजली गेली. पण मधल्या चार-पाच वर्षांत दर जागेवर आणि महागाई चालू, त्यामुळे वाढीचा बराचसा भाग म्हणजे गेलेलं परत मिळणं. दरवर्षी होणारी दुरुस्ती आणि होंडुराससारखी एकदम घेतलेली उडी, दोन्हींना ‘वेतनवाढ’ म्हटलं की त्यांच्या परिणामांची तुलनाच चुकते. पाहायचं असतं ते हे की किमान वेतन मधल्या कामगाराच्या, म्हणजे मध्यक वेतनाच्या, किती जवळ पोचलं. फार खाली असेल तर कुणालाच काही फरक पडत नाही. कोलंबियासारखं ते मध्यकाला भिडलं, तर कायदा मोडून काम करणाऱ्यांची संख्या मोठी होते.

शंका

तुमचं पटतं, पण यातून ‘नोकऱ्या जातच नाहीत, नुसत्या जागा बदलतात’ असा अर्थ निघेल. शेतमजुरांचं काम खरोखर गेल्याची उदाहरणं आहेत. तिथे शब्दाचा कीस काढून काय होणार?

उत्तर

आहेत, आणि तिथे ‘रोजगार घटला’ असंच लिहावं. दक्षिण आफ्रिकेत मार्च २००३ मध्ये शेतमजुरांना पहिल्यांदा किमान वेतन लागू झालं. मजुरी चांगली वाढली, लेखी करार मिळालेल्यांचं प्रमाण वाढलं, आणि शेतीवरच्या मजुरांची संख्या कमी झाली. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. ज्यांचं काम राहिलं त्यांचं भलं झालं, ज्यांचं गेलं त्यांचं नुकसान झालं, आणि ही दोन वेगळी माणसं आहेत. सरासरी काढून ‘मजुरांना फायदा झाला’ असं लिहिणं मला अन्यायाचं वाटतं.

पण त्याच देशात त्याच सुमारास, नोव्हेंबर २००२ मध्ये, घरकामगारांनाही किमान वेतन लागू झालं. घराघरांत जाऊन तपासणी करणं जवळजवळ अशक्य, तरीही पगार वाढले, आणि काम कमी झाल्याचं ठळकपणे दिसलं नाही. शेताचा मालक यंत्र आणू शकतो किंवा पीक बदलू शकतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची देखभाल करणाऱ्या बाईच्या जागी काय आणणार? म्हणून ‘किमान वेतनाचा परिणाम’ हे एकवचन मला खटकतं. कोणत्या कामावरचा परिणाम, हे सोबत यायलाच हवं.

तपासणी नसताना पगार कसे वाढले, यासाठी ब्राझीलच्या अर्थतज्ज्ञांकडे एक शब्द आहे. त्याचा मराठीत ‘दीपस्तंभ परिणाम’ करता येईल. कायद्याचा दर नोंदीबाहेरच्या कामगारांना बंधनकारक नसतो, पण बोलणी करताना दोन्ही बाजूंना तोच आकडा दिसतो. बोलीत आपण विचारतोच, ‘सरकारी रेट काय चाललाय?’ या विचारण्यातच मजुराची थोडी ताकद असते.

आणखी एक विचारणा

अशा लिखाणात ‘असंघटित क्षेत्र’ आणि ‘अनौपचारिक क्षेत्र’ दोन्ही येतात. एकच ना?

उत्तर

नाही. असंघटित म्हटलं की संघटना नसलेला असा अर्थ डोक्यात येतो. प्रत्यक्षात नोंदीबाहेरच्या कित्येक कामगारांच्या जोरकस संघटना आहेत, आणि नोंद असलेल्या कित्येकांना संघटनाच नाही. किमान वेतनाच्या चर्चेत महत्त्वाची आहे ती नोंद, म्हणून ‘अनौपचारिक’ बरा, आणि सर्वसाधारण वाचकासाठी ‘नोंदीबाहेरचा’ त्याहून बरा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अंदाजानुसार जगातले सुमारे २ अब्ज कामगार, म्हणजे एकूण कामगारांपैकी साठ टक्क्यांहून अधिक, या गटात येतात. याला ‘उरलेलं क्षेत्र’ म्हणण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. एवढी माणसं उरलेली कशी?

‘किमान वेतन’ आणि ‘निर्वाह वेतन’, म्हणजे ज्यात घर नीट चालावं इतकं वेतन, हेही एकमेकांच्या जागी वापरू नयेत. भारतात १९४८ च्या रास्त वेतन समितीने किमान, रास्त आणि निर्वाह अशा तीन पायऱ्या वेगळ्या सांगितल्या होत्या, आणि संविधानाच्या अनुच्छेद ४३ मध्ये ध्येय म्हणून निर्वाह वेतन आहे. किमान वेतन मिळतं म्हणून घर चालतं असं धरून लिहिलेला लेख दिसला तर लेखकाला हे जरूर कळवा.