‘ट्रेड-इन म्हणजे लूट’ म्हणण्याआधी सेल्स टॅक्सचा हिशेब मांडा

एडिसनकर
परवा इथे एकाने ट्रेड-इनबद्दल (जुनी गाडी डीलरला देऊन तिचे पैसे नव्या गाडीच्या किमतीत वळते करून घेणं) ठणकावून लिहिलं होतं: "अमेरिकेत जुनी गाडी डीलरला कधीही ट्रेड-इन करू नका, शुद्ध लूट आहे. बाहेर विका, हजार-दीड हजार डॉलर सहज जास्त मिळतात. ट्रेड-इन करणारे आळशी." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. नव्याने आलेली मुलं असले सल्ले डोळे मिटून पाळतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

न्यू जर्सीत सेल्स टॅक्स ६.६२५ टक्के. तो नव्या गाडीच्या किमतीतून ट्रेड-इनची रक्कम वजा करून उरलेल्या रकमेवर लागतो. समजा नवी गाडी ४०,००० ची. जुनीचे डीलर १४,००० देतोय, बाहेर १५,५०० येतील. ट्रेड-इन केलंत तर टॅक्स २६,००० वरच. म्हणजे ९२७ डॉलर ५० सेंट वाचले, आणि दीड हजाराचा फरक तिथल्या तिथे ५७२ वर आला. त्या ५७२ साठी फोटो काढा, जाहिरात टाका, अनोळखी माणसाच्या हाती किल्ली देऊन शेजारी बसा. लोन बाकी असेल तर बँकेकडून टायटल (गाडीच्या मालकीचा कागद) येईपर्यंत गिऱ्हाईक थांबतंय का बघा. ज्याला जमतं त्याने जरूर करावं. पण टॅक्सचा आकडा लपवून ‘लूट’ म्हणायचं नाही.

मुळामुठा
ते मीच लिहिलं होतं आणि शब्द मागे घेत नाही. डीलर १४,००० देतो हे गृहीत का धरता? माझ्या गाडीचे त्याने ११,००० सांगितले. तीच गाडी दोन आठवड्यांच्या आत बाहेर १४,८०० ला गेली. ११,००० वर तुमचा टॅक्स वाचतो जेमतेम ७२९. मग ३,००० वर पाणी सोडायचं का? तुमची आकडेमोड बरोबर आहे, पण तिच्यात घातलेला आकडा डीलरने ठरवलाय.

फ्रीमाँटवाली
एडिसनकर, तुमचं सगळं जर्सीपुरतं खरं. आम्हा कॅलिफोर्नियावाल्यांना ही वजावट नाहीच. टॅक्स पूर्ण किमतीवर. राज्याचा मूळ दर ७.२५, त्यावर काउंटीचा आणि स्थानिक, आमच्याकडे दहाच्या वर जातो. गाडीच्या कंपनीने रिबेट (किमतीत सूट) दिला तरी टॅक्स रिबेटच्या आधीच्या किमतीवर.

आणि एक गोष्ट इथल्या लोकांच्या लक्षात येत नाही, ती नीट वाचा. डीलर म्हणतो, "तुमच्या जुन्या गाडीचे २,००० वाढवून देतो," आणि नवीच्या किमतीत तेवढेच सोडायचे नाकारतो. जर्सीत काही बिघडत नाही, कारण टॅक्स फरकावर आहे आणि फरक तोच राहतो. कॅलिफोर्नियात मात्र त्याच व्यवहारात २०० डॉलरच्या वर टॅक्स जास्त भरता. इथे घासाघीस नव्या गाडीच्या किमतीवर करायची. जुनीचा भाव वाढवून मिळाला म्हणून खूश व्हायचं नाही.

ऑस्टिनवासी
हे पटलं. पण मुळात कॅलिफोर्नियाचा नियमच अन्यायाचा आहे. जुन्या गाडीवर मी एकदा टॅक्स भरलाय. तीच गाडी देऊन नवी घेताना तिच्या किमतीवर पुन्हा का भरायचा? टेक्ससमध्ये ६.२५ टक्के, तोही ट्रेड-इन वजा करून. हेच न्याय्य.

फ्रीमाँटवाली
न्याय्य कोणासाठी? जो दर चार वर्षांनी नवी गाडी घेतो त्याच्यासाठी. जो विद्यार्थी पहिलीच गाडी घेतो, तीही वापरलेली, त्याच्याकडे वजा करायला काय आहे? तो पूर्ण टॅक्स भरतो. तुमच्याच टेक्ससमध्ये त्याने एखाद्याच्या घरून गाडी घेतली तर राज्य आपली ‘प्रमाण किंमत’ काढतं आणि निदान तिच्या ८० टक्क्यांवर टॅक्स घेतंच, सौदा कितीही स्वस्तात पटलेला असो. इलिनॉयने २०२० मध्ये ट्रेड-इनच्या वजावटीला १०,००० डॉलरची मर्यादा घातली होती. डीलर मंडळींनी ओरड केली आणि २०२२ च्या सुरुवातीपासून ती उठली. ओरड कोणाची ऐकली जाते ते बघा.

ऑस्टिनवासी
ताई, विद्यार्थ्याचा कळवळा मलाही आहे, मीही तसाच आलो. पण त्याला सूट नाही म्हणून माझीही काढून घ्या, हा कुठला न्याय?

असो. लूट म्हणाल तर ती टॅक्समध्ये नाही, तपासणीत आहे. मागच्या ट्रेड-इनला गाडी चकाचक होती, सर्व्हिस वेळच्या वेळी, टायर बाहेरून बघाल तर भरपूर खोल. तपासणाऱ्याने मोजणी केली आणि चार टायरचे म्हणून ९०० डॉलर कापले. मी भांडलो, तर त्याने स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या चाकाची आतली कड दाखवली. तिथे रबर संपून तारा दिसत होत्या. म्हणजे दर वेळी रोटेशनचे (टायरच्या जागा आलटून-पालटून बदलण्याचे) पैसे घेणाऱ्या सर्व्हिसवाल्याने हे कधी बघितलंच नाही का? आणि झिजले दोन, कापले चारचे. ही लूट नाही तर काय?

गॅरेजकाका
मी पेन्सिल्व्हेनियात बरीच वर्षं गॅरेजमध्ये काढली आहेत, म्हणून बोलतो. तारा दिसत होत्या म्हणजे ती गाडी रस्त्यावर असायलाच नको होती. पैशाचं नंतर बोलू.

टायर कुठे झिजलाय यावरून कारण कळतं. मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. एकच कड गेली तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन बिघडलेत. त्यातही टायरवरून हात आडवा फिरवा, एका बाजूने गुळगुळीत आणि उलट बाजूने धारदार लागलं तर टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडलाय. जागोजागी खड्डे पडल्यासारखं झालं असेल तर शॉकअब्सॉर्बर बघा. रोटेशनने यातलं काहीच दुरुस्त होत नाही. ते फक्त झीज चारी चाकांत वाटून देतं. अलाइनमेंट बिघडलेली असताना नुसतं रोटेशन करत राहिलं की दोनाऐवजी चार टायर जातात.

आणि गाडी ऑल-व्हील-ड्राइव्ह (इंजिनची ताकद चारही चाकांना जाणारी) असेल तर चारचे पैसे कापले ते बरोबरच. चारही टायरचा घेर जवळपास सारखा लागतो, नाहीतर ड्राइव्हट्रेनवर, म्हणजे चाकांना ताकद पोचवणाऱ्या यंत्रणेवर, ताण येतो. दोन नवे आणि दोन अर्धे झिजलेले चालत नाहीत.

ऑस्टिनवासी
काका, गाडी ऑल-व्हील आहे, चारचं मान्य. पण रस्त्यावर नको वगैरे बोलू नका. मी दर पाच हजार मैलांना गाडी दाखवत होतो. ज्याचं काम बघण्याचं त्याने बघितलं नाही. आणि टेक्ससने २०२५ पासून खाजगी गाड्यांची सुरक्षा तपासणीच बंद केली. मग मला सांगणार कोण?

गॅरेजकाका
बंद केली तेव्हा तुमच्याकडचे लोक सुटलो म्हणत होते. आमच्याकडे दर वर्षी होते, टायरच्या खाचेची खोली २/३२ इंचाच्या खाली गेली की गाडी नापास. लोक आम्हाला शिव्या घालायचे, पैसे उकळता म्हणायचे. पावसात हायवेवर गाडी पाण्यावर तरंगली की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही हातातून जातं. लहान मुलं मागे बसलेली असतात हो!

एडिसनकर
काकांशी सहमत. आमच्या जर्सीत २०१० पासून फक्त धुराची तपासणी होते. ब्रेक-टायर कोणी बघत नाही, आणि हिवाळा संपला की रस्त्यांची चाळण. एक जोराचा खड्डा अलाइनमेंट बिघडवायला पुरतो. पेनी (लिंकनचं चित्र असलेलं एक सेंटचं नाणं) घेऊन टायरच्या खाचेत उलटी, डोकं खाली करून घालायची, लिंकनचं डोकं पूर्ण दिसलं तर टायर संपला. फक्त ती आतल्या कडेलाही घालायची. सगळे बाहेरून बघतात.

मुळामुठा
धागा टॅक्सचा होता, टायरवर गेला. तरी माझाच मुद्दा सिद्ध झाला ना? बाहेरचं गिऱ्हाईक आतली कड बघत नाही.

गॅरेजकाका
म्हणजे तारा निघालेले टायर तुम्ही एखाद्या विद्यार्थ्याच्या गळ्यात मारणार? हा मुद्दा आहे तुमचा?

मुळामुठा
माझ्या गाडीचे टायर चांगले होते, उगाच आरोप नकोत. आणि ठीक आहे, जर्सी-टेक्ससमध्ये फरक हजाराच्या आत असेल तर ट्रेड-इन करा. ‘कधीही’ ऐवजी ‘हिशेब करून’ म्हणा. त्यापुढे मी जाणार नाही.

एडिसनकर
तेवढंच म्हणायचं होतं. ऑस्टिनवासी, तुमचे ९०० कापले गेले त्याबरोबर त्यावरची टॅक्सची वजावटही गेली, ५६ डॉलर २५ सेंट. टायरची झीज तुम्हाला ९५६ ला पडली.

व्हर्जिनियाकर
पुढच्या महिन्यात गाडी बदलतोय. आमच्याकडे ४.१५ टक्के, ट्रेड-इनची वजावट नाही. आतल्या कडा थोड्या झिजल्यात, गाडी फ्रंट-व्हील आहे. टायर आधी बदलून घेऊ का?

फ्रीमाँटवाली
वजावट नाही म्हणजे तुमचं आमच्यासारखंच. आधी बाहेर विकायचा प्रयत्न करा. डीलरकडे गेलातच तर जुनीचा भाव आणि नवीची किंमत वेगवेगळी लिहून मागा.

गॅरेजकाका
विकण्यासाठी नवे टायर टाकू नका, तो पैसा पूर्ण वसूल होत नाही. आतल्या कडेला ४/३२ च्या वर असेल तर शे-दीडशे डॉलरमध्ये अलाइनमेंट करा आणि आधीच्या-नंतरच्या मापांचा छापील कागद मागून घ्या. घेणाऱ्याला तो कागद द्या आणि झीज कुठे आहे ते स्वतः दाखवा. २/३२ च्या आसपास असेल तर आजच बदला, मग गाडी विका किंवा ठेवा.