व्हॅक्यूम क्लीनर: होज लांब घ्यावा की लांब वायरचं मशीन?

कोनाडा

चाकांवर मागे ओढत न्यायचं, पिशवीवालं मशीन आहे. होज (मशीनपासून मुठीपर्यंतची लवचिक नळी) १.५ मीटर, आतून ३२ मिमी. फरशीला काही अडचण नाही, पण तीन ठिकाणी घोडं अडतं. जिन्याच्या मधल्या पायऱ्यांवर मशीन पायरीवरच ठेवल्याशिवाय पोचत नाही. पडद्याच्या २.४ मीटर उंच पट्टीवर ब्रश नेला की मशीनची पुढची चाकं उचलली जातात. आणि गाडी आतून साफ करताना दर दारापाशी मशीन हलवावं लागतं.

दोन पर्याय समोर आहेत. एक, नवीन मशीन, ज्याच्या खोक्यावर 'कार्यकक्षा १० मीटर' असं छापलंय. दुसरा, याच मशीनला ३ किंवा ४ मीटरचा होज. लांब होजने ओढ कमी होते म्हणतात, ती नक्की किती? आणि आपल्याला किती लांबी लागेल हे मोजायचं कसं?

पाना-पक्कड

आधी त्या १० मीटरची फोड करून बघा. हा आकडा भिंतीतल्या सॉकेटपासून ब्रशच्या टोकापर्यंत सगळं सरळ ताणून मोजलेला असतो. वायर ६.५, मशीनची स्वतःची लांबी ०.४, होज १.८, मुठीचा वाकडा भाग ०.३, दांडा ०.९. झाले जवळपास १० मीटर. म्हणजे त्यातला सिंहाचा वाटा वायरचा, आणि तुमच्या तिन्ही अडचणींत वायरचा काही संबंध नाही. मशीन जागेवर ठेवून हात कुठवर जातो, हा तुमचा प्रश्न. त्याचं उत्तर होज, मूठ आणि दांडा या तिघांच्या बेरजेत आहे. खोक्यावरच्या आकड्यावरून निवड करू नका, होजची लांबी वेगळी विचारा.

मोजायला सुतळी पुरते. मशीन जिथे उभं राहणार तिथे, होज बसतो त्या भोकाच्या उंचीवर (साधारण २० सेंमी) एक टोक धरा. दुसरं टोक काम करताना मूठ जिथे येईल तिथे न्या. हे अंतर म्हणजे होजची किमान लांबी. त्यात २० ते २५ टक्के वाढवा, कारण होज सरळ रेषेत कधीच राहत नाही. मुठीजवळ आणि मशीनजवळ त्याला वळसा लागतोच.

पडद्याचं गणित करून बघा. दांडा आणि ब्रश मिळून एक मीटर धरले, थोडा तिरपा धरला, तर मूठ दीड मीटर उंचीवर येते. मशीन पायापासून ८० सेंमी दूर असेल तर भोकापासून मुठीपर्यंतचं सरळ अंतर १.५३ मीटर भरतं. तुमचा होज १.५. मग चाकं उचलली जाणारच! १.८ मीटरच्या होजनेही जेमतेम सुटका होईल. २.१ हवा, किंवा मशीन अगदी पायाशी ओढून घ्यायचं. पडद्यापुरता हा फुकटचा उपाय चालून जाईल.

वायुवीजन

ओढ कमी होते का, याबद्दल दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. होजच्या टोकाला तळहात लावून बंद केलं की जी खेच लागते ती लांबीवर अवलंबून नसते. हवा वाहतच नसेल तर घर्षण कुठून येणार? १.५ मीटर असो वा ६ मीटर, तळहाताला तेवढीच खेच जाणवेल. त्यामुळे दुकानात हात लावून केलेली परीक्षा लांबीच्या बाबतीत कुचकामी आहे. लांबीने घटतो तो हवेचा प्रवाह, आणि कचरा उचलून नेतो तो प्रवाहच.

आता आकडे. सेकंदाला ३० लिटर हवा ३२ मिमीच्या होजमधून जाते तेव्हा तिचा वेग ३७ मीटर प्रति सेकंद पडतो. आतून वळ्यावळ्यांच्या होजमध्ये या वेगाला दर मीटरला अंदाजे १ ते १.५ किलोपास्कल दाब घर्षणात जातो. चांगल्या घरगुती मशीनची बंद तोंडाची खेच २० किलोपास्कलच्या आसपास असते. तुम्ही १.५ वरून ३ मीटरवर गेलात तर हिशेबाने प्रवाहात ५ ते १० टक्क्यांची घट येईल. ५ मीटरवर १० ते १५ टक्के. अर्धी भरलेली पिशवी किंवा बुजलेला फिल्टर यापेक्षा जास्त खातो, हे लक्षात असू द्या.

खरी मेख व्यासात आहे. तोच प्रवाह असताना घर्षणाचा तोटा लांबीच्या पटीत वाढतो, पण व्यासाच्या साधारण पाचव्या घातात घटतो. ३२ ऐवजी ३५ मिमी घेतला तर दर मीटरचा तोटा एक तृतीयांशाहून जास्त कमी होतो. ३८ मिमी घेतला तर निम्म्याहून खाली येतो. म्हणजे ३८ मिमीचा ३ मीटर होज ३२ मिमीच्या १.५ मीटरपेक्षा हवेला सोपा जातो. लांब घ्यायचाच तर जाड घ्या.

पण त्यालाही हद्द आहे. ६० मिमीच्या वरचे होज कारखान्यातल्या किंवा सुतारकामाच्या मोठ्या मशीनसाठी असतात. घरगुती मशीनला तो लावला तर हवेचा वेग सेकंदाला १० मीटरच्या आसपास येतो आणि वाळू, खडे, तांदळाचे दाणे वर चढतच नाहीत. उभ्या होजमधून जड कण नेण्यासाठी वेग १५ ते २० मीटरच्या खाली जाऊ नये. ३८ मिमीमध्ये तो २५ च्या वर राहतो, म्हणून काळजी नाही.

गोगलगाय

वर लांब होजची बाजू छान मांडली गेली आहे, म्हणून थोडं उलट लिहितो.

'ताणला की तिप्पट होतो' अशा होजच्या मोहात पडू नका. स्प्रिंगसारखा तो सतत मागे ओढत असतो, आणि ब्रश सोफ्याला चिकटून हवा अडली की आतल्या निर्वातामुळे आणखी आक्रसतो. ३२ मिमीच्या भोकावर २० किलोपास्कल म्हणजे १६ न्यूटन, हातात दीड किलोहून थोडी जास्त खेच. वळ्यांचा बाहेरचा व्यास मोठा असल्याने प्रत्यक्षात ती याहून अधिक भरते. दिवसभर हातात धरायला हे फार आहे, आणि उभ्या प्रकारचं मशीन असेल तर ते सरळ आडवं होतं. शिवाय ताणलेल्या होजची भिंत पातळ असते, वळ्यांच्या खोबणीत ती आधी फाटते.

लांब होज विकत घेताना दोन्ही टोकांची कॉलर (टोकावरचा कडक जोड) गोल फिरते का, हे पाहा. एकच टोक फिरत असेल तर ३ मीटरमध्ये पीळ साठतो, आणि तो सगळा मुठीच्या खाली येऊन तिथे होज मुडपतो. भेग नेहमी तिथेच पडते, कॉलरपासून पहिल्या १० सेंमीमध्ये. तपासायला मशीन चालू करून टोक तळहाताने बंद करा आणि टिश्यू कागदाची बारीक पट्टी होजवरून फिरवा. जिथे पट्टी आत ओढली जाते तिथे गळती. इन्सुलेशन टेप तात्पुरती ठीक. पक्की दुरुस्ती म्हणजे कॉलर काढायची, फाटलेला तुकडा वळीच्या खोबणीत ब्लेडने सरळ कापायचा आणि कॉलर पुन्हा बसवायची. बऱ्याच कॉलर आट्यांवर असतात, काहींचे आटे उलटे. जोर लावण्याआधी दोन्ही दिशांना हलकेच फिरवून बघा. फिरत्या ब्रशला वीज देणाऱ्या तारा होजमधून गेलेल्या असतील तर मात्र कापू नका, जोडूही नका.

आणि ठेवण्याचा प्रश्न. ४ मीटरचा होज खिळ्याला मधोमध अडकवला की तिथे कायमची दुमड पडते. निदान ३० सेंमी व्यासाची वेटोळी करून रुंद खुंटीवर ठेवा. जागा नसेल तर लांब होज घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अडगळीतून ओढून काढायच्या कंटाळ्याने तो वापरला जात नाही.

उंबरठा

जिन्याबद्दल. मशीन कधीही पायरीवर ठेवू नका. होज ओढला की ते खाली येतं, आणि पायात वायर असते. पायरीची उंची १७ आणि रुंदी २७ सेंमी धरली तर उतारावर एका पायरीचं अंतर ३२ सेंमी पडतं. १५ पायऱ्यांचे ४.८ मीटर. १.८ मीटरच्या होजचे वळसे वजा जाता दीड मीटर कामाला येतात, त्यात मूठ आणि छोटा ब्रश यांचे ०.४५ मिळवा. मशीन खाली जमिनीवर ठेवून सहा पायऱ्या होतात. मग मशीन वर न्यायचं, पण कडेपासून अर्धा मीटर आत, म्हणून वरून चारच. मधल्या पाच राहतात. ३ मीटरच्या होजने खालून नऊ आणि वरून सात, म्हणजे सगळा जिना. तुमच्या तीन कामांपैकी लांब होजवाचून खरंच अडतं ते हे. (दांडा जोडून पोच वाढते, पण पायरीच्या कोपऱ्यात लांब दांड्याने ब्रश नीट टेकत नाही.)

गाडीसाठी ४ मीटर सोयीचा. मशीन एका बाजूला, पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबासमोर ठेवलं की त्या बाजूची दोन्ही दारं आणि पलीकडच्या सीटखालची जागा होते. एकदाच फिरवून दुसरी बाजू. डिकीसाठी वेगळं हलवावं लागेलच.

होज न वाढवता एक्स्टेंशन बोर्ड लावणार असाल तर २००० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर घेतं. तार १.५ चौरस मिमीची हवी, आणि रीळ असेल तर वायर पूर्ण उलगडलेली. गुंडाळलेली राहिली तर आतली वेटोळी तापतात.

कोनाडा

धन्यवाद, चित्र स्पष्ट झालं. ३८ मिमीचा ३ मीटर घ्यावा म्हणतो. पण मशीनचं भोक आणि जुना दांडा ३२ च्या मापाचे आहेत, बसेल का? आणि मोटरवर ताण येईल का?

पाना-पक्कड

भोकाचं आणि दांड्याचं माप व्हर्नियरने (सरकत्या जबड्यांच्या मोजपट्टीने) घ्या, छापील आकड्यावर जाऊ नका. '३२' आणि '३५' ही नावं कोणी आतल्या व्यासाला देतं, कोणी बाहेरच्या. टोकं थोडी निमुळती असतात, म्हणून तोंडाशी आणि २ सेंमी आत, अशा दोन ठिकाणी मोजा. मशीनच्या बाजूला खटक्याची कॉलर असते, ती त्या त्या मॉडेलचीच लागते. जुन्या होजची काढून नव्याला बसते का ते आधी बघा. दांड्याच्या बाजूला रबरी रिड्यूसर (जाड नळी बारीक नळीला जोडणारा तुकडा) चालेल. त्याच्या आत पायरी राहिली तर केस आणि दोरे तिथेच गोळा होतात, तेव्हा आतून उतार असलेला निवडा. ३८ चा होज मध्येच ३२ झाला तर तेवढ्या तुकड्यात तोटा होतो, पण तो काही सेंटिमीटरपुरता. सगळा फायदा जात नाही.

वायुवीजन

मोटरबद्दल: पिशवीवाल्या घरगुती मशीनमध्ये मोटर बहुधा त्याच ओढलेल्या हवेने थंड होते. ५ ते १० टक्के घटीने काही बिघडत नाही. होज बुजलेला असताना चालवत राहिलात तर ती तापते आणि उष्णतेचा कटआउट मशीन बंद करतो. लांब होजमध्ये बोळा शोधायला एका टोकातून टॉर्च मारून दुसरीकडून बघा, किंवा होज सरळ टांगून गोटी सोडा. अडला असेल तर बोथट काठीने ढकला. टोकदार तार घातली की भोक पडलंच म्हणून समजा. बोळा बहुतेक वेळा मुठीच्या वळणात नाहीतर मशीनच्या तोंडाशी सापडतो.

आणि नवीन होज लावल्यावर ओढ एकदम गेल्यासारखी वाटली तर आधी मुठीवरची हवा सोडायची खिडकी बघा. पडद्यासाठी ती उघडतात आणि बंद करायची राहते.