पेशी गुरुवारी : पत्र कोणाच्या नावानं?

प्रेषक: सुधाताई, रामबाग
मन्याची कोर्टातली पेशी (सुनावणी) गुरुवारी आहे. काल पाठवलेला मसुदा सर्वांनी बघून घ्या. ‘माननीय न्यायाधीश महोदय’ असं वर घातलंय, खाली मुलगा सुशील आहे, पथकात वाढलाय वगैरे. अनंत चतुर्दशीला तो टीआय (ठाणेदार) साहेबांसमोर गाडा अडवून उभा राहिला एवढंच, हात कोणाला लावला नाही. सचिवांनी आज संध्याकाळपर्यंत सही-शिक्का द्यावा, ही विनंती.

प्रेषक: सचिव
ताई, मंडळाचं लेटरहेड कार्यकारिणीच्या ठरावाशिवाय निघणार नाही. हॉलच्या वेळी हेच ठरलं होतं.

प्रेषक: नाना, लोकमान्य नगर
पत्रानं काय होतंय? आपण सगळे पथकाच्या कुर्त्यात कोर्टात जाऊन बसू. पोरांनी आतला व्हिडिओही काढावा, म्हणजे खोटं बोलायची कोणाची छाती होणार नाही. पुण्याचा भाचा म्हणाला, पाच वर्षं होतात यात. गप्प कसं बसायचं?

प्रेषक: वकीलकाका
नाना, कृपा करून असं काही करू नका. भाचा सांगतोय ते जुन्या दंड संहितेतल्या कलम 353 चं, आणि तेही महाराष्ट्रानं शिक्षा वाढवली होती म्हणून. आपल्याकडे मध्य प्रदेशात तसं नव्हतं. आता भारतीय न्याय संहितेत ते कलम 132 आहे, दोन वर्षांपर्यंत. पण तिथं हल्ला किंवा बळजोरी लागते. मन्यावर फक्त कलम 221 आहे, सरकारी कामात अडथळा: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2500 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कोर्टात मात्र गोंधळ झाला तर वेगळंच प्रकरण उभं राहील. कामकाज चालू असताना मुद्दाम व्यत्यय आणला किंवा न्यायाधीशांचा अपमान केला तर कलम 267, सहा महिन्यांपर्यंत. समोर घडलेल्या अशा प्रकारात कोर्ट त्याच दिवशी ताब्यात घेऊन दंड करू शकतं. परवानगीशिवाय आत मोबाईल चालवू नका.

आणि सुधाताई, न्यायाधीशांना परस्पर पत्र अजिबात नको. चालू प्रकरणात असा दबाव आणणं 1971 च्या अवमान कायद्यात बसू शकतं. मन्याला त्यानं मदत तर होणार नाहीच. त्याच्या वर्तनाबद्दल सांगायचं ते त्याचा वकील कोर्टात सांगेल.

खरं दार दुसरं आहे. 221 ची दखल कोर्ट घेतं ती त्या अधिकाऱ्याच्या किंवा त्याच्या वरिष्ठांच्या लेखी परिवादावर, म्हणजे तक्रारीवर. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 215 प्रमाणे वरिष्ठ तो परिवाद मागे घ्यायला सांगू शकतात, फक्त खटला संपायच्या आत. 2021 पासून इंदूरला कमिश्नरेट आहे, तेव्हा अर्ज पोलीस आयुक्तांच्या कार्यालयात द्या. टीआय साहेबांशी ‘राजीनामा’ (आपसात तडजोड) करून भागणार नाही, 221 मध्ये समझोत्याची सोय नाही.

प्रेषक: नाना
कुर्ते घालून बाहेर उभं राहिलं तर?

प्रेषक: शैलाकाकू
पथकाचे कुर्ते मिरवणुकीसाठी शिवलेत, कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे, मी देणार नाही. आमच्या दिरांचा जमिनीचा दावा चालला होता तेव्हा दर पेशीला अख्खं घर जायचं आणि न्यायाधीश दर वेळी वैतागायचे. आई आणि एक जाणता माणूस, पुरे.

प्रेषक: सुधाताई
काका, पेशी तर परवावर आली. अर्ज दिल्या दिवशी आदेश थोडाच निघणार?

प्रेषक: वकीलकाका
नाही निघणार. म्हणून अर्जाची पोच घ्या आणि गुरुवारी वकिलाला ती दाखवून पुढची तारीख मागू द्या. अर्जात मुलाचं वय, नोकरी, झटापट झाली नाही हे, आणि मंडळ पुढच्या वर्षी मार्ग आधी ठरवून देईल हे लिहा. टीआय साहेबांवर एक शब्दही आरोप नको.

प्रेषक: सचिव
आयुक्तांना असेल तर माझी हरकत नाही, पण मार्गाचं आश्वासन मंडळाच्या नावानं जातंय, ठराव लागेलच. आज रात्री आठला वाचनालयात या. कोरम भरला तर शिक्का तिथंच मारतो.

प्रेषक: नाना
मी येतो. उद्या अर्ज घेऊन ताईंबरोबर मी जाईन, माझी स्कूटर आहे.